उरलेल्या लोकरीचा जाळीदार स्कार्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वेटर, टोपडी, मोजे विणून झाले की प्रत्येक वेळी थोडी थोडी लोकर उरते. टाकवत नाही, आणि एवढ्याशा लोकरीत धड काही होत नाही. जाळीची वीण अशा वेळी कामाला येते, कारण तिच्यात निम्मी जागा भोकांचीच असते आणि थोडी लोकर लांबवर पुरते. मी असे बरेच स्कार्फ विणलेत, त्यातले दोन-तीन पूर्ण उसवलेतही. पुढचे प्रश्न मला वरचेवर विचारले जातात. काही मी स्वतःच डोकं धरून स्वतःला विचारले होते.

एका स्कार्फला एकूण किती लोकर लागते?

साधारण वीतभर रुंद आणि दीड मीटर लांब स्कार्फला चार प्लाय लोकर ८० ते १०० ग्रॅम पुरते. दुपदरी बारीक लोकर असेल तर त्याहून बरीच कमी. मात्र सगळे गुंडे काट्यावर ठेवून बेरीज करा, नजरेवर जाऊ नका. सैल गुंडाळलेला गुंडा दिसायला मोठा असतो आणि भरतो जेमतेम १२ ग्रॅम.

माझ्याकडे जाड-बारीक सगळी लोकर आहे. एकत्र विणली तर चालेल का?

सरसकट नाही. माझा पहिला उरलेल्या लोकरीचा स्कार्फ याच कारणाने फसला. ज्या क्रमाने गुंडे हाताला लागले त्या क्रमाने विणत गेले. टाके पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढेच, सुयाही त्याच. तरी एक टोक एक वीत भरलं आणि दुसरं जवळजवळ दीड. जाड लोकरीचा टाका जास्त जागा घेतो, एवढं साधं गणित लक्षात घेतलं नव्हतं.

जाडी ताडून बघायची सोपी युक्ती अशी. दोन लोकरींचे तुकडे घ्या, दोन्ही दुमडून एकमेकांच्या फासात अडकवा, म्हणजे एक सलग दोरी होईल. तिला दोन्हीकडून पीळ द्या आणि जोडावरून बोट फिरवा. एकीकडून दुसरीकडे जाताना बोटाला पायरी लागली तर जाडी वेगळी. डोळ्याला न कळणारा फरकही बोटाला कळतो. आणखी खात्री हवी असेल तर पेन्सिलीवर प्रत्येकीचे १० वेढे चिकटून चिकटून घ्या, ओढू नका, आणि पट्टीने मोजा.

लेबल असेल तर त्यावरची लांबी बघा. १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर म्हणजे चार प्लाय, २०० ते २३० मीटर म्हणजे त्याहून जाड डीके, आणि ८०० मीटरच्या आसपास म्हणजे जाळीकामाची दुपदरी. ‘चार प्लाय’ हे आता जाडीचं नाव झालं आहे, पीळ सोडून मोजलंत तर पदर दोनही निघतील. त्यामुळे पदर मोजू नका, मीटर बघा.

याच आकड्यांवरून बारीक लोकर दुहेरी घ्यायचा हिशेब सुटतो. ८०० मीटरवाल्या लोकरीचे दोन धागे एकत्र धरले की १०० ग्रॅमला ४०० मीटर होतात, म्हणजे ती चार प्लायच्या रांगेत येऊन बसते. दोन वेगळ्या रंगांचे बारीक धागे एकत्र धरले तर ठिपकेदार छटा मिळते ती वेगळीच. उलटं मात्र करता येत नाही. जाड लोकर बारीक होत नाही, तिला दुसरं काम द्या.

लेबल कधीच हरवलं. खरी लोकर आहे की अ‍ॅक्रिलिक, कसं ओळखू?

दोन-तीन इंचांचा तुकडा चिमट्यात धरा, खाली पाण्याचं भांडं ठेवा आणि टोकाला ज्योत लावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती सहसा आपोआप विझते आणि राख बोटांत चुरली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो. तो मणी गार व्हायच्या आत हात लावू नका. मी लावला आहे.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण जाळी खुलते ती शेवटी ओली करून ताणून वाळवताना. खरी लोकर ताणलेल्या आकारात वाळते आणि तशीच राहते. अ‍ॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, टाचण्या काढल्या की परत आक्रसतं. दोन्हींचे पट्टे एकाच स्कार्फमध्ये घातलेत तर लोकरीचे पट्टे पसरतील, अ‍ॅक्रिलिकचे कमरेसारखे आत जातील. दोन ढीग करा आणि प्रत्येक ढिगाचा वेगळा स्कार्फ विणा.

जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर वापरता येईल?

येईल, पण आधी शिवणी बघा. भाग वेगवेगळे विणून जोडले असतील तर जोडाचा दोरा काढून एकेक भाग शेवटाकडून सलग उसवतो. मोठ्या कापडातून कापून शिवला असेल, कडेला ओव्हरलॉकची शिलाई असेल, तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येतो. तो नाद सोडा.

उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी असते आणि तशीच विणली तर टाके वाकडेतिकडे दिसतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, न पिळता टांगून वाळवा. मग गुंडा करा. गुंडाळताना धागा मधेच तुटत असेल तर कसर लागली आहे असं समजा. अशी लोकर पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, आणि तोवर बाकीच्या लोकरीपासून लांब.

कुठली वीण घेऊ?

पानांची, वेलींची, ३०-४० सुयांनी (म्हणजे ओळींनी) पुन्हा येणारी वीण उरलेल्या लोकरीसाठी घेऊ नका. लोकर नमुन्याच्या मधेच संपते आणि रंग अर्ध्या पानावर बदलतो. वीण अशी हवी की नमुना चार-सहा सुयांत पुरा होतो, म्हणजे रंग कुठेही बदलला तरी तो मुद्दाम बदलल्यासारखा दिसतो. माझ्या मते यासाठी लाटांच्या विणीला तोड नाही. ती मूळची शेटलंड बेटांची. तिथे रोजच्या वापराच्या शालींना याच विणीचे काठ असत, आणि त्या काठांत मेंढीच्या पांढऱ्या, करड्या, तपकिरी नैसर्गिक रंगांचे पट्टे एकातून दुसऱ्यात उतरत जात. थोड्या थोड्या रंगांना सामावून घेणं या विणीला जुनंच आहे.

टाके १८ च्या पटीत हवेत, अधिक दोन्ही काठांचे ३-३. दोन लाटा घेतल्या तर ३६ आणि ६, एकूण ४२. (इथे ‘सुई’ म्हणजे एक ओळ. ‘जाळी’ म्हणजे लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणून उजव्या सुईवरून नुसता वेढा देणं; पुढचा सुलट टाका वेगळा मोजायचा. त्याने एक टाका वाढतो आणि भोक पडतं.)

पहिली सुई: सगळे सुलट.
दुसरी सुई: ३ सुलट, मधले सगळे उलट, शेवटचे ३ सुलट.
तिसरी सुई: ३ सुलट, मग दोन टाके एकत्र सुलट असं ३ वेळा, जाळी व १ सुलट असं ६ वेळा, पुन्हा दोन टाके एकत्र सुलट असं ३ वेळा, हा १८ टाक्यांचा भाग शेवटच्या ३ टाक्यांपर्यंत परत परत, ३ सुलट.
चौथी सुई: सगळे सुलट.

तिसऱ्या सुईत सहा टाके घटतात आणि सहा जाळ्या वाढतात, म्हणून संख्या १८ ची १८ राहते. सगळं जाळीकाम या जमाखर्चावर चालतं. चौथ्या सुईमुळे सुलट बाजूला एक उंचवटा येतो, तो रंगाच्या पट्ट्याला रेघ मारल्यासारखा बंद करतो. रंग बदलायचा तो नेहमी पहिल्या सुईला. तिथे सगळे टाके सुलट असल्यामुळे दोन रंगांची खिचडी मागच्या बाजूला राहते आणि पुढे रेघ स्वच्छ दिसते.

सुया कितीच्या घ्यायच्या?

त्या लोकरीचा स्वेटर ज्या सुयांवर विणाल त्याहून एक-दोन मापं जाड. चार प्लायला मी ४ मिलिमीटर घेते. सुईचा नंबर सांगताना जपून: जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन मोजणीत ८ नंबर म्हणजे ५ मिमी आणि नंबराबरोबर जाडीही वाढते. मिलिमीटर वाचा, गोंधळ मिटतो.

रंग एकमेकांना शोभतील का, कसं ठरवू?

सगळे गुंडे टेबलावर मांडून फोनने कृष्णधवल फोटो काढा. रंग बाजूला पडतात आणि फिका, मध्यम, गडद एवढंच उरतं. गडदपासून फिक्याकडे क्रम लावला की न जुळणारे रंगही शेजारी नांदतात. एखादा रंग अगदीच उपरा वाटत असेल तर त्याचा मोठा पट्टा करू नका, चार-चार सुया तीन ठिकाणी टाका. दुसरा मार्ग म्हणजे ज्या रंगाची लोकर सर्वात जास्त आहे तो दर दुसऱ्या पट्ट्याला परत आणायचा.

बहुरंगी, छटाछटांची लोकर जाळीला मारक ठरते. डोळा रंगांमागे धावतो आणि भोकं दिसतच नाहीत. ती वापरायचीच असेल तर दोन एकरंगी पट्ट्यांच्या मधे.

गडद लाल, निळा, काळा यांचा ओला तुकडा आधी पांढऱ्या कापडात दाबून बघा. रंग जात असेल तर ती लोकर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन घ्या, नाहीतर शेवटच्या धुण्यात शेजारचा क्रीम रंग गुलाबी होतो.

उरलेल्या गुंड्यात किती सुया होतील हे आधी कळतं का?

कळतं, आणि हे एवढं केलंत तर निम्मी डोकेदुखी जाते. विणायला घ्यायच्या आधी गुंडा वजन करा. आठ वेळा नमुना, म्हणजे ३२ सुया विणा, पुन्हा वजन करा. एकदाच विणून बघितलं तर घरातल्या काट्याला फरकच दिसत नाही, म्हणून आठ. माझ्या मोरपंखी गुंड्याचं उदाहरण घ्या: आधी २३ ग्रॅम, ३२ सुयांनंतर १७. म्हणजे ६ ग्रॅमला आठ, एका नमुन्याला पाऊण ग्रॅम. १७ पैकी २ ग्रॅम काठ बंद करायला आणि अडीअडचणीला बाजूला ठेवले, उरले १५, म्हणजे आणखी २० नमुने. हे आकडे मी लेबलाच्या मागे लिहून गुंड्यात खोचून ठेवते.

एका ओळीपुरती लोकर उरली आहे की नाही अशी शंका असेल तर धागा विणीच्या रुंदीवर मापा. साध्या ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट लागते, टाके बंद करायला चौपट धरा.

नवीन लोकर जोडताना गाठ मारू का?

जाळीत गाठ लपत नाही. वाळवताना ओढ बसली की ती नेमकी भोकाच्या काठावर येऊन बसते. रंग काठाला बदला, जुन्या-नव्या दोन्ही धाग्यांच्या १५ सेंटीमीटरच्या शेपट्या सोडा. तोच रंग पुढे चालू ठेवायचा असेल आणि लोकर खरी, मशीनमध्ये न आटण्याची प्रक्रिया न केलेली असेल, तर दोन्ही टोकांचे पदर बोटभर सुटे करा, एकमेकांवर ठेवा, थोडं ओलं करा आणि तळहातांत जोरात चोळा. केस एकमेकांत गुंततात आणि जोड शोधूनही सापडत नाही. अ‍ॅक्रिलिक किंवा सुतावर हे अजिबात होत नाही.

शेपट्या मात्र आधीच मोजून ठेवा. २० वेळा रंग बदलला तर ४० टोकं आत ओवायची असतात. पट्टे चार सुयांचे असतील आणि दोनच रंग आलटून पालटून येत असतील तर धागा तोडू नका, काठाने वर घ्या. पण सैल घ्या, घट्ट घेतला की तो काठ आखडतो आणि स्कार्फ केळ्यासारखा वळतो.

टाके मोजले तर ४१ भरतात. उसवू का?

थांबा. बहुतेक वेळा एक जाळी राहून गेलेली असते. १८-१८ च्या मधे खुणेचा दोरा अडकवला असेल तर कुठल्या लाटेत ते लगेच कळतं. जिथे जाळी हवी होती तिथे खालच्या ओळीतल्या दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईने उचला आणि तो टाका समजून विणा. भोक थोडं लहान दिसेल, धुतल्यावर शेजाऱ्यांसारखं होतं. ४३ भरले तर दोन टाके एकत्र घ्यायचे राहिलेत, पुढच्या सुईत त्याच जागी घ्या. स्कार्फ गळ्यात घातल्यावर हे कोणालाही दिसत नाही. तुम्हाला दिसेल, तेवढं सोसा.

टाका सुईवरून गळून खाली धावत गेला तर गोष्ट वेगळी. साध्या विणीत क्रोशाच्या सुईने तो शिडीवरून वर आणता येतो. जाळीत शिडीच्या पायऱ्या तिरक्या जातात आणि कुठली कोणाची हे कळत नाही. त्यासाठी आधाराचा दोरा.

आधाराचा दोरा म्हणजे काय?

चौथी सुई संपली की रफूच्या सुईत गुळगुळीत सुती दोरा ओवा आणि विणायच्या सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार काढा. खुणेचे दोरे त्यात अडकवू नका. दोन्हीकडे वीतभर शिल्लक सोडा आणि काही झालंच नाही असं समजून विणत राहा. पुढे घोळ झाला तर सुई काढून घ्या, न घाबरता उसवा; उसवण दोऱ्यापाशी येऊन थांबते आणि ४२ टाके ओळीने बसलेले मिळतात. मी दर आठ नमुन्यांनी, वजन करायच्या वेळीच दोरा घालते. दोरा वेगळ्या रंगाचा घ्या. आणि केसाळ लोकर वापरत असाल, मोहेरसारखी, तर दर चार नमुन्यांनी घाला, ती उसवताना केस धरून ठेवते.

काळी लोकर विणताना टाकेच दिसत नाहीत.

मांडीवर पांढरा टॉवेल टाका. भोकांतून पांढरं दिसू लागतं आणि मोजता येतं. तरी काळ्याचा पट्टा दिवसाउजेडी विणलेला बरा.

अर्धा झाला, पण हा तर चुरगळलेला बोळा दिसतोय. चुकलं का?

नाही. जाळी सुयांवर असताना अशीच दिसते. टाके बंद करायच्या आधी अंदाज हवा असेल तर विणलेला भाग तळहातावर पसरून दोन्हीकडे ओढून बघा.

टाके बंद केले तर कड घट्ट झाली. लाटा उघडतच नाहीत.

नेहमीसारखे टाके बंद करू नका. पहिले दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, उजव्या सुईवर आलेला एक टाका पुन्हा डाव्या सुईवर ठेवा, पुढच्याबरोबर तसाच एकत्र विणा, आणि शेवटपर्यंत हेच. ही कड ताणली जाते. सुरुवातीचे टाके घालतानाही एक माप जाड सुई घ्या. घट्ट कड नंतर कितीही ओढलीत तरी सुटत नाही, कापावीच लागते.

ताणून वाळवायचं कसं?

कोमट पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवा, घुसळू नका. उचलताना दोन्ही हातांवर घ्या, ओल्या लोकरीचं वजन एका टोकाला लटकू देऊ नका. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहा, पाणी टॉवेल पितो. मग जाड सतरंजीवर किंवा फोमच्या चौकोनांवर पसरा. आधी लांबी ताणा, मग रुंदी, आणि टोकाच्या प्रत्येक लाटेच्या शेंड्याला न गंजणारी टाचणी. कोरडा असताना १२० सेंटीमीटर भरणारा स्कार्फ इथे १५० ला सहज जातो. पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे खरंच पूर्ण, हात लावू नका.

अ‍ॅक्रिलिकच्या स्कार्फला वाफ लागते. टाचून ठेवा आणि इस्त्री दोन बोटं वर धरून वाफ सोडा, टेकवू नका. वाफ जास्त झाली तर अ‍ॅक्रिलिक मेणचट आणि लुळं पडतं आणि पुन्हा मूळपदावर येत नाही, म्हणून आधी लहान तुकड्यावर हात बसवा.

दोन्ही टोकं सारखी का दिसत नाहीत?

सुरुवातीच्या कडेला लाट ठळक येते, बंद केलेल्या कडेला तेवढी नाही. डोळ्याला खुपत असेल तर दोन अर्धे स्कार्फ टोकाकडून मध्याकडे विणा आणि मध्यावर रफूच्या सुईने टाक्याला टाका जोडा. उरलेल्या लोकरीसाठी हे सोयीचंही आहे: प्रत्येक गुंड्याचे वजनाने दोन सारखे भाग केले की दोन्ही बाजूंना रंगांचा क्रम आरशातल्यासारखा येतो. लोकर मधेच संपली तर जिथे आहे तिथे थांबा, दोन टोकं जोडा, गळ्याभोवतीचं कडं तयार.

क्रोशाने केला तर?

छान होतो, फक्त लोकर जास्त खातो आणि वरचा वजनाचा हिशेब लागू पडत नाही. पाच-पाच ग्रॅमचे गुंडेच असतील तर क्रोशाचे छोटे चौकोन जास्त शोभतात.

शेपट्या कधी कापायच्या?

धुवायच्या आधी उंचवट्याच्या ओळीतून किंवा काठातून ओवून घ्या, भोकावरून आडव्या नेऊ नका. पण कापा वाळल्यानंतर. ताणताना ओवलेला धागा सरकतो, आधी कापला तर टोक पुढे डोकावतं. कापताना प्रत्येक रंगाचा दोन मीटरचा धागा राखून ठेवा, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि कडेला लिहा, लोकर की अ‍ॅक्रिलिक. अंगठीत किंवा कानातल्यात अडकून स्कार्फचा धागा एक ना एक दिवस तुटणार आहे.